दारावर क्रूस होता

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत एक कातकरी मुलगी पाच महिने घरकामाला होती. वय तेरा. ती तिथे कशी आली, तिथून कशी सुटली, आणि या सगळ्यात आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, विश्वास कुठे कामी आला नि कुठे आडवा आला, ते नीट मांडून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. मी पालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. ठाण्यातल्या एका मराठी मंडळीत महिला मंडळाचं काम बघते. इतर मंडळ्यांतल्या बायका विचारतात, "ताई, तुम्ही नक्की काय केलंत?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आमच्या चुकांसकट.

मुलीचं नाव, तिचा पाडा, ती सोसायटी, ते कुटुंब यातलं काही इथे सापडणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी ती उघड केली नसती. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. तिला मी 'पोर' म्हणणार आहे, कारण मावशी पहिल्या दिवसापासून तसंच म्हणत आल्या.

प्रकरण जुन्या दंडविधानाच्या काळातलं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली. हा गुन्हा त्याआधीचा, म्हणून यात दंडविधानातलं मानवी तस्करीचं कलम 370 येईल. आज घडला असता तर कलम 143 लागलं असतं.

मावशींना काय दिसलं

मावशी म्हणजे आमच्या मंडळीतल्या पोळ्यांच्या मावशी. माहेर नगर जिल्ह्यात, लग्न होऊन ठाण्यात आल्या त्याला तीस वर्षं झाली. घोडबंदरला सहा घरी पोळ्या-भाजी करतात. सकाळी साडेसहाची टीएमटीची बस चुकली तर दिवसभराची घडी विस्कटते. त्या सहातल्या एका घरात दिवाळीनंतर त्यांना ही पोर दिसू लागली. कडेवर नऊ-दहा महिन्यांचं बाळ. घरच्या बाई म्हणाल्या, गावाकडची आहे, गरिबाची आहे, सांभाळायला आणलीय, पुढे शाळेत घालू.

घराच्या दारावर लाकडी क्रूस होता आणि आत हॉलमध्ये वचनांचं कॅलेंडर. मावशींना आधी बरंच वाटलं. लेकरू चांगल्या घरी पडलं, असं त्या स्वतःशी म्हणाल्या.

मग एकेक दिसत गेलं. पावसात लावणी करणाऱ्या बायांच्या पायांना चिखल्या होतात, तशा या पोरीच्या हातांना झाल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोललेली. बाळाचं उरलेलं खिमट ती वाटीतून बोटाने निपटून खायची, आणि कोणी बघितलं तर वाटी धुवायला घ्यायची. झोपायला गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला, एका गोधडीवर. दप्तर कुठेच नाही. वॉचमनकडून आणखी एक कळलं. रविवारी सकाळी सगळं घर उपासनेला जातं तेव्हा पोर आत असते आणि दाराला बाहेरून कुलूप असतं.

जानेवारीच्या शेवटी एकदा कणीक मळता मळता मावशींनी विचारलं, "घरी कधी जायची गं?"

"सहा हजार राहिलेत. ते फिटले का बाबा येल न्यायाला."

मावशींनी परातीतला हात थांबवला. त्यांच्या स्वतःच्या आजीने असंच काहीतरी मोजत आयुष्य काढलं होतं.

त्या सहा हजारांचा हिशेब आम्हाला पुढे कळला. ठाणे जिल्ह्यातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीवाल्याचा मुकादम उचल देतो, आणि ती फेडायला हंगामभर विटा पाडायच्या. या पोरीच्या बापाने उचल घेतलीच होती, त्यात आई आजारी पडली आणि वरचे आठ हजार लागले. मुकादम म्हणाला, पोरगी शहरात एका चांगल्या घरी देतो, महिन्याला हजार वळते होतील. दोन महिने वळते झाले. मग कपडे, औषध, आणायचा खर्च असं काही ना काही वर चढत गेलं. जानेवारीत सहा हजार राहिले होते. एप्रिलमध्ये ती सुटली तेव्हाही सहाच हजार राहिले होते.

मानवी तस्करी म्हटलं की आमच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कामाठीपुरा येतो. माझ्याही यायचा. कलम 370 वाचलं तेव्हा मी चकित झाले. 2013 मध्ये ते नव्याने लिहिलं गेलं. शोषणासाठी माणसाला मिळवणं, नेणं, ठेवून घेणं, ताब्यात घेणं हे सगळं त्यात येतं. धाकाने किंवा फसवून नेणं तर येतंच. पण ज्याच्या हाती त्या माणसाचा ताबा आहे त्याला पैसे देऊन त्याची संमती मिळवणं, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. बापाला दिलेली उचल म्हणजे तेच. मुलगी 'हो' म्हणाली होती की नाही, याला कायदा किंमत देत नाही. अल्पवयीन असेल तर शिक्षा किमान दहा वर्षं. बायबलमधल्या योसेफाला त्याच्या भावांनी चांदीच्या वीस नाण्यांना विकलं ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत किती वर्षं शिकवली, पण ती तस्करीची गोष्ट आहे हे मला तोवर सुचलं नव्हतं.

एक मात्र सांगते. या बापाने मुलगी विकली असं कोणी म्हटलं की मला राग येतो. त्याच्यापुढे बायकोचं औषध होतं आणि एकच माणूस पैसे द्यायला तयार होता.

तीन शुक्रवार

मावशींनी ही गोष्ट ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनेत आणली. नाव न घेता. "एका लेकरासाठी प्रार्थना करा, ते परक्या घरी अडकलंय." आम्ही केली. मनापासून केली, एक-दोघी रडल्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही.

तिसऱ्या शुक्रवारी गीत संपल्यावर मावशी उभ्या राहिल्या. "प्रार्थना झाली ताई. आता कुठं जायचं ते सांगा."

मला उत्तर माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं दवाखान्यात काढली, जळालेल्या बाया पाहिल्या, मारलेली पोरं पाहिली, आणि तरी तीन आठवडे मी डोळे मिटून बसले होते. त्याच उपवासकाळात आम्ही बायबलमधला यशया 58 वाचत होतो. परमेश्वराला कसला उपवास आवडतो ते त्यात सांगितलंय: दुष्टतेच्या बेड्या तोडायच्या, जुवाचे बंद सोडायचे, जाचलेल्यांना मोकळं करायचं. वाचून आम्ही 'आमेन' म्हणत होतो आणि चहा घेऊन घरी जात होतो.

मी पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे, गेले, सगळं सांगितलं, आणि तिथेच घराचं नाव निघालं. ते कुटुंब आमच्या मंडळीतलं नव्हतं, पण परकंही नव्हतं. शहरातल्या दुसऱ्या मंडळीचे नावाजलेले सभासद. आमच्या नाताळच्या कार्यक्रमाला त्यांनी स्पीकरचा सगळा खर्च दिला होता.

मत्तय 18

दोन दिवसांनी कमिटीतले दोन वडील (मंडळीतले ज्येष्ठ), पाळकसाहेब, मी आणि मावशी असे एका आजींच्या घरी बसलो. आजी नव्वदीला टेकलेल्या, त्यांना बाहेर पडता येत नव्हतं, आणि मंडळीतल्या कोणत्याही अवघड गोष्टीत त्यांचं मत घ्यायची आमच्याकडे पद्धत होती.

एका वडिलांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि मत्तय 18 मधलं 15 वं वचन काढलं. भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, दोघेच असताना त्याला त्याचा दोष दाखव. त्यांचा अर्थ सरळ होता. आपलीच माणसं आहेत, आपण चौघं जाऊ, प्रार्थना करू, समजावू, मुलीला काढून घेऊ, पोलीस कशाला? चर्चची बदनामी कशाला? हल्ली दिवस कसे आहेत, आपल्याबद्दल आधीच काय काय बोललं जातं. ते घाबरट नव्हते आणि वाईटही नव्हते. मला त्यांचं पटत चाललं होतं, हे मी इथे कबूल करते. शनिवारी संध्याकाळी चार बायकांनी जायचं आणि पोरीला माझ्या घरी आणायचं, असा बेतही माझ्या डोक्यात तयार झाला होता.

आजींनी हात वर केला. "अध्याय पहिल्यापासून वाचा."

पाळकसाहेबांनी वाचलं. शिष्य विचारतात, स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण. येशू एका बालकाला बोलावतो आणि त्यांच्या मधोमध उभं करतो. मग सहावं वचन: या लहानांतल्या एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं, हेच त्याच्या हिताचं. पंधरावं वचन त्यानंतर येतं. नऊ वचनांनंतर, ते बालक मधोमध उभं असताना.

खोलीत कोणी बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, "माझी आजी केडगावला मुक्ती मिशनमध्ये वाढली. रमाबाईंनी दुष्काळात आणलेल्या मुलींपैकी. रमाबाई आधी दलालाला एकांतात भेटायला गेल्या होत्या का?"

आजींच्या घरी ही गोष्ट तीन पिढ्या सांगितली जाते. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, उघड्या पडलेल्या मुलींना घेऊन आल्या, कारण त्या मुलींवर कोणाची नजर आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे 'पतित' म्हणून हाकललेल्या बायांसाठी त्यांनी कृपासदन काढलं. ही बुद्धी कुठून आली ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजला सिस्टर्सकडे, म्हणजे धर्मभगिनींकडे, राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला. या सिस्टर्सचं लंडनमध्ये फुलहॅमला अशा बायांसाठी घर होतं. तिथली माया पाहून रमाबाईंनी विचारलं, या बायांसाठी तुम्ही एवढं का करता? एका सिस्टरने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली, विहिरीवर येशू जिच्याशी बोलला ती. शास्त्रं कोळून प्यालेल्या त्या बाईचं मन त्या गोष्टीने वळलं. माझ्या दृष्टीने महाराष्ट्रात ख्रिस्ती विश्वास आणि बाईच्या विक्रीविरुद्धचं काम यांची गाठ इथे पडते: एक बाई दुसऱ्या बाईला विचारते, का करता, आणि उत्तरादाखल तिला एक गोष्ट मिळते.

त्या बैठकीत एवढंच ठरलं की घराकडे आपल्यापैकी कोणीही जायचं नाही. पुढे काय करायचं ते मी माहीतगार माणसाला विचारायचं.

सिस्टरचा फोन

मी ज्यांना फोन केला त्या कॅथलिक सिस्टर. दवाखान्यातली जुनी ओळख. कॅथलिक धर्मभगिनींनी तस्करीविरुद्ध 2009 मध्ये 'तलिथा कूम' नावाचं जाळं उभं केलं, जगभरातल्या सिस्टर्सचं. आशियातही त्यांची चळवळ आहे. या सिस्टर त्या कामाशी जोडलेल्या. नावाचा अर्थ मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला: मुली, मी तुला सांगतो, ऊठ.

माझा शनिवारचा बेत ऐकून त्या जवळजवळ ओरडल्या. "चौघी जाऊन पोरीला उचलून आणाल, तर उद्या पळवून नेल्याची तक्रार तुमच्यावर होईल. आणि ते नाही झालं, तरी रात्रीत पोर दुसऱ्या घरी जाईल. मुकादम सुटेल. बापाच्या डोक्यावर उचल तशीच. पुढच्या हंगामात तिची धाकटी बहीण." मुलीला एक धाकटी बहीण होती, हे आम्हाला तेव्हा माहीतही नव्हतं. सिस्टर अनुभवाने बोलत होत्या.

त्यांनी मावशींना एक काम दिलं. रोज घरी गेल्यावर वहीत लिहायचं. तारीख, वेळ, डोळ्यांनी पाहिलेलं. "वाटलं ते लिहू नका मावशी, दिसलं तेवढंच." मावशींनी स्वतःच्या मुलीची एक जुनी वही घेतली. मी ती पाहिली आहे. 'मंगळवार. साडेसात. पोर बाथरूममध्ये कपडे घासत होती. बाळ रडत होतं. साडेआठला मी निघाले, पोर भांडी घासत होती. चहा घेतलेला दिसला नाही.' सात दिवसांच्या अशा सात नोंदी. पुढे तपासात या वहीने जेवढं काम केलं तेवढं आमच्यापैकी कोणाच्याही भाषणाने केलं नसतं.

आठव्या दिवशी 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन गेला. तिथून जिल्हा बाल संरक्षण कक्ष, मग पोलीस, कामगार खात्याचे अधिकारी. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना कागद दोनदा अडला. नावं घेत नाही. शेवटी जे अधिकारी आले त्यांनी काम चोख केलं.

ती सकाळ

मी वर गेले नाही. जायचा अधिकारही नव्हता. सोसायटीच्या बागेत बाकावर बसले होते. मावशी नेहमीप्रमाणे साडेसहाच्या बसने आल्या होत्या, आणि त्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या दुसऱ्या घरात पोळ्या लाटत होत्या. ठरलंच होतं तसं, त्यांनी त्या घरात नसावं.

पाऊण तासाने पोर खाली आली. सोबत साध्या कपड्यातल्या महिला पोलीस. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत एक फ्रॉक आणि एक कंगवा. लिफ्टमधून बाहेर आल्यावर ती थांबली आणि वर बघून विचारलं, "बाळाला दूध कोण देल?" महिला पोलिसांनाही चटकन काही सुचलं नाही. मग तिने दुसरं विचारलं, "सहा हजार राहिलेत ना?"

चौकीत जबाब घ्यायची घाई चालली होती. सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं, पहिलं खाणं. मार्कच्या त्या अध्यायात मेलेली मुलगी उठल्यावर येशू दोनच गोष्टी सांगतो. हे कोणाला कळू देऊ नका, आणि तिला काहीतरी खायला द्या. त्याआधी गोंगाट करणाऱ्या सगळ्या लोकांना तो खोलीबाहेर काढतो. सिस्टर म्हणायच्या, आमचं सगळं काम या तीन गोष्टींत आहे: गर्दी बाहेर, तोंड बंद, ताटात जेवण. मावशींनी सकाळी बांधून दिलेला डबा महिला पोलिसांच्या हातून पोरीपुढे गेला. पोळी आणि बटाट्याची भाजी. तिने पोळीला हात लावला आणि म्हणाली, "गरम हाय." पाच महिने मावशींच्या पोळ्यांचा वास घेत ती त्या घरात राबली होती. तिला मिळायची ती रात्रीची उरलेली.

चोवीस तासांच्या आत तिला बाल कल्याण समितीपुढे हजर केलं. समितीने तिला मुलींच्या बालगृहात ठेवलं.

कागदांचे महिने

इथून पुढचं वाचायला रटाळ आहे, पण लोक गळतात ते इथेच.

घरवाल्यांच्या वकिलाने सांगितलं, मुलगी अठराची आहे. जन्मदाखला नव्हता. बाल न्याय कायद्यात वय ठरवायला आधी शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला बघतात, ते नसेल तर वैद्यकीय तपासणी. पोर चौथीपर्यंत आश्रमशाळेत होती. ते रजिस्टर शोधायला मुरबाडच्या बाजूला तीन चकरा झाल्या. तिसऱ्या चकरेत एका जुन्या कपाटात, अर्धं वाळवीने खाल्लेलं, तिचं नाव आणि जन्मतारीख सापडली. चौदाच्या आतली. घरकामालाही चौदाच्या आतलं मूल ठेवता येत नाही, अपवाद नाही.

पाड्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा लोक दारात उभे राहीनात. कोणीतरी विचारलंच, "धर्म बदलायला आलात का?" त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दुसऱ्या खेपेला आदिवासींत काम करणाऱ्या संघटनेचा एक कार्यकर्ता पुढे गेला आणि आम्ही मागे. ठाणे जिल्ह्यात वेठबिगारीविरुद्ध उभं राहायला कोणी शिकवलं असेल तर ते अशा संघटनांनी. विवेक पंडितांची श्रमजीवी संघटना 1982 पासून या पाड्यांवर आहे. मंडळीतल्या तरुणांना मी हे मुद्दाम सांगते. आपण या कामात उशिरा आलेलो आहोत, येऊन शिकायचं आहे.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा. त्याच्या कलम 6 ने अशी उचल फेडायची जबाबदारीच संपते, आणि हे कर्ज वेठीचं नव्हतं असं म्हणणाऱ्याला ते स्वतः सिद्ध करावं लागतं. प्रांतसाहेबांनी चौकशी करून बंधमुक्तीचा दाखला दिला, बापाच्या नावे आणि मुलीच्या नावेही. तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत असते, ती सात महिन्यांनी आली. मोठी रक्कम गुन्हा शाबीत झाल्यावर.

तो दाखला घेऊन मी आणि कार्यकर्ता बालगृहात गेलो, परवानगी काढून. पोरीला कागद वाचून दाखवला. "सहा हजार संपले. कायद्याने संपले. बाबालाही द्यायचे नाहीत." तिने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे काही लिहिलेलं नव्हतं. मग विचारलं, "मुकादमाला माहिताय का?"

क्षमेचा प्रश्न

गुन्हा दाखल झाल्यावर महिन्याभराने त्या घरच्या बाई माझ्या दारी आल्या. एकट्या. डोळे सुजलेले. "ताई, आम्ही तिला कधी मारलं नाही. खायला घालत होतो. तिच्या घरी तर तेही नव्हतं. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला पोलिसात द्यावं?" आणि शेवटी, "प्रभू क्षमा करतो, तुम्ही नाही करणार?"

मला त्यांची कीव आली. त्या खोटं बोलत नव्हत्या. आपण उपकार करतोय असं त्यांना खरोखर वाटत होतं, आणि माझ्या मते या गुन्ह्याची खरी जागा तीच आहे. दारावर क्रूस असलेल्या नीटनेटक्या घरात तो उपकाराचं रूप घेऊन राहतो. रविवारच्या कुलपाचं काय, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ती घाबरेल म्हणून."

मी त्यांना पाणी दिलं. सांगितलं, क्षमा करायचा हक्क माझा नाही, तो त्या मुलीचा आहे, आणि तो तिच्याकडे मागायला आत्ता कोणीही जायचं नाही. फिर्याद सरकारची आहे, ती माझ्या हातात नाही. असती तरी मी मागे घेतली नसती. बायबलमधला जकातदार जक्कय येशूला घरी घेतो तेव्हा नुसता रडत नाही, ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत देतो. हे मी त्यांना म्हटलं. त्या उठून गेल्या. पुन्हा भेटलेल्या नाहीत. नाताळच्या स्पीकरचे पैसे त्या वर्षीपासून आम्ही वर्गणी काढून भरतो.

मंडळीतही सगळं सुरळीत झालं नाही. दोन कुटुंबं दुसरीकडे उपासनेला जाऊ लागली. मत्तय 18:15 वाचणारे वडील मात्र प्रत्येक तारखेला माझ्याबरोबर कोर्टनाक्याला येतात.

आम्ही पाळलेला नियम

वर्धापनदिनाला काही जणांनी सुचवलं, त्या मुलीला आणू या, तिने मंडळीपुढे दोन शब्द साक्ष द्यावी. मी नाही म्हटलं. फोटो नाही, व्यासपीठ नाही, तिच्यापुढे मोठ्याने प्रार्थना नाही, हातात शुभवर्तमानाचं पुस्तक नाही. कोणी विचारलं की तिला प्रभूबद्दल सांगायची संधी घालवलीत, तर मी म्हणते, उपाशी, ताब्यात असलेल्या लेकराला 'हो' म्हणण्यावाचून गत नसते, आणि तसला 'हो' मुकादमाने एकदा घेतलेला आहे. आम्ही दुसऱ्यांदा घ्यायचा का? तिच्या पाड्यावर तिचे देव आहेत, तिची माणसं आहेत. आमचा विश्वास आम्हाला तिच्याकडे घेऊन गेला. तिच्याकडून त्याची पावती आम्हाला नको.

याचा अर्थ आम्ही प्रार्थना सोडली असा नाही. शुक्रवार चालू आहेत. फक्त आता प्रार्थनेची विनंती आली की मावशी विचारतात, वही कोण लिहितंय.

आजची स्थिती

पोर दहा महिन्यांनी घरी परतली. आश्रमशाळेत पुन्हा नाव घातलं. पहिल्या वर्षी दोनदा पळून पाड्यावर आली, दोनदा बाप पायी सोडून आला. आता आठवीत आहे. धाकटी बहीण पाचवीत, त्याच शाळेत. आईबाप भट्टीवर जातात अजून, पण दुसऱ्या, आणि उचल न घेता आठवड्याच्या हिशेबाने. पैसे कमी येतात. गेल्या पावसाळ्यात एक महिना फार वाईट गेला, तेव्हा संघटनेने धान्य दिलं आणि आम्ही त्यात थोडं घातलं.

मुकादम आणि घरवाले जामिनावर आहेत. खटला उभा राहिला आहे, पोरीची साक्ष झाली. ती पडद्याआड बसून बोलली, आणि सरकारी वकिलांनी विचारल्यावर सगळं क्रमाने सांगितलं. बाळाचं नाव सांगताना फक्त थांबली.

मावशींचं त्या सोसायटीतलं काम सुटलं. एका घरी सांगितलं, आता बाई नको; बाकी दोघांनी काही न सांगता दुसरी ठेवली. चार महिने त्यांनी तीन घरांवर काढले. मग मानपाड्याला नवीन दोन घरं मिळाली. पुढच्या तारखेला त्यांची साक्ष आहे. वही त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली आहे, आणि त्या दिवशी पोळ्यांना येणार नाही असं पाचही घरी आधीच सांगून ठेवलं आहे.